गुलाबी कागदातलं पान

ज्या माणसाला अंबाडी ओळखता येत नाही, त्याने सोसायटीच्या कमिटीवर जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. हे मत मी भर सभेत उभं राहून मांडलं आणि त्यानंतर मला आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून काढून टाकण्यात आलं. त्याचं मला काही वाटत नाही. उलट सकाळी सकाळी फुलांची चित्रं यायची बंद झाली, डोळ्यांना आराम पडला. पण सरांची आठवण निघाली की माझी तळपायाची आग अजूनही मस्तकात जाते.

सर कुठल्याही शाळेत शिक्षक नव्हते. माती आणि पानं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते मोठ्या हुद्द्यावर होते आणि तिथूनच निवृत्त झाले. पण समोरच्याशी बोलताना त्यांचा एकूण आविर्भाव असा असायचा की आता हा आपल्याला बाकावर उभं करणार. त्यामुळे वर्तकनगरातल्या आमच्या बिल्डिंगने त्यांचे ‘सर’ करून टाकले. ते सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे आणि त्यांच्या डोक्यावरच्या गच्चीत अर्धे कापलेले निळे ड्रम मांडून भाज्या लावायचे.

माझी आणि त्यांची ओळख कढीपत्त्यामुळे झाली. खिडकीतल्या माझ्या कढीपत्त्याची पानं पिवळी पडायला लागली होती. कुणीतरी म्हणालं, वरच्या सरांना दाखव, त्यांना पानावरून सगळं कळतं. मी एक पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर गेले. सरांनी दार उघडलं, पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, “खालचं पान की वरचं?”

“म्हणजे?”

“म्हणजे झाडाला खालच्या बाजूला होतं की शेंड्याकडे होतं?”

“लक्षात नाही हो.”

“मग काय करू मी? ज्योतिष सांगू?” असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. मी तिथेच उभी. आतून आवाज आला, “आणि पुढच्या वेळी कागदात आणा! प्लास्टिकमध्ये पान घामेजतं!”

इतका उद्धट माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. पण कढीपत्ता महत्त्वाचा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी देठासकट एक पान वर्तमानपत्रात गुंडाळून मी पुन्हा गेले. आदल्या दिवशी काही झालंच नसल्यासारखं त्यांनी मला आत बोलावलं, चहा दिला आणि ते पान खिडकीच्या उजेडात धरून मला शिकवायला बसले. झाडाला काही कमी पडलं की ते जुन्या पानातलं काढून कोवळ्या पानाला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. काही गोष्टी मात्र झाडाला अशा हलवता येत नाहीत, लोह त्यांतलंच. ते कमी पडलं तर शेंडा पिवळा पडतो. ठिपका गोल आणि त्याला कडा असेल तर बहुतेक बुरशी. टोकं आणि कडा जळाल्या असतील तर झाडाला उपाशी नाही ठेवलेलं, कोंबून खायला घातलेलं आहे. “निम्मं निदान पान कुठलं त्यावरच होतं,” ते म्हणाले, “आणि तुम्ही तेवढंच विसरून आलात.”

हे असं त्यांचं सगळ्यांशी असायचं. गणपतीत मंडपाला बांधलेल्या केळीच्या खुंटाकडे बघून भर आरतीत ते शेजारच्याला म्हणाले, “पोटॅश कमी आहे.” डोंबिवलीला माझ्या बहिणीच्या मुलीचं बारसं होतं, तिथे मी हौसेने त्यांना घेऊन गेले. लोक पाळण्याभोवती, आणि हे सरळ बाल्कनीत. तिथे जास्वंदीच्या फांद्यांवर कापसासारखी पांढरी कीड होती. ती बोटावर घेऊन ते हॉलमध्ये आले आणि माझ्या बहिणीच्या सासूबाईंना म्हणाले, “ह्या घरात माणसं राहतात ना?” बहीण त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती. जास्वंद मात्र जगली.

ते चुकायचेही. माझ्या मोगऱ्यावर पांढरे बारीक ठिपके दिसले तेव्हा त्यांनी लांबूनच ‘लाल कोळी’ असा निकाल दिला आणि मला कडुनिंबाचं तेल फवारायला लावलं. घरभर तो वास, नवरा वैतागलेला, आणि ठिपके जागच्या जागी. शेवटी ते स्वतः खाली आले, नखाने ठिपका खरवडला. आमच्याकडे नुकतंच रंगकाम झालं होतं, त्याचे ते शिंतोडे होते. सर नख पुसत म्हणाले, “रंग फारच हलका वापरलाय तुम्ही.” चुकलो हे शब्द त्या माणसाच्या तोंडून कधी बाहेर पडले नाहीत.

एक शिस्त मात्र ते फार कडक पाळायचे. पान कुणाचं आहे हे ते कुणाला सांगत नसत. मला सुरुवातीला हसू यायचं. पानात कसली आलीय गुप्तता? पण लोकांना लाज वाटते. कुणी शेजारच्या सोसायटीतून फांदी चोरून आणलेली असते, कुणी कपड्याच्या साबणाचं पाणी ओतलेलं असतं. सर म्हणायचे, नाव फुटलं तर पुढचा माणूस पान आणणार नाही, आणि झाड मरेल. निदान झालं की ते पान कुजखताच्या डब्यात टाकत आणि कागदाची नीट घडी करून ज्याचा त्याला परत देत. “कागद तुमचा,” असं म्हणून.

अंबाडी त्यांच्या बायकोची. ती लातूरकडची. लग्नानंतर माहेरून येताना पदराच्या गाठीत तिने अंबाडीचं बी आणलं होतं, तांबड्या देठाच्या अंबाडीचं. जिथे जिथे बदली झाली तिथे तिथे तिने ते पेरलं. ठाण्याला आल्यावर गच्चीत ड्रममध्ये पेरलं. दरवर्षी शेवटची चारदोन झाडं भाजीला न खुडता बियासाठी राखायची आणि त्याच बियाची पुढच्या वर्षी पेरणी. ती गेल्यावर सरांनी ते चालू ठेवलं. भाजी त्यांना धड करताही येत नव्हती, मीच करून द्यायचे. कण्या घालून, वरून लसणाची फोडणी. पहिला घास घेतला की ते डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, “आंबट आहे. बरोबर आहे.” तिच्याविषयी याहून जास्त ते कधी बोलले नाहीत.

एका संध्याकाळी मी असाच भाजीचा डबा घेऊन वर गेले, तर सर टेबलाशी बसून एक पान बघत होते. मला बघताच त्यांनी चटकन कागद मिटला. गुलाबी कागद होता, शेअरबाजाराच्या वर्तमानपत्राचा असतो तसा.

“काय झालंय त्याला?” मी सवयीने विचारलं.

“खालचं पान. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. मॅग्नेशियम कमी पडतंय,” ते म्हणाले. मग एकदम चिडून पुढे म्हणाले, “पण हे झाड घरात ठेवणाऱ्याला मॅग्नेशियमपेक्षा अक्कल कमी पडतेय. उपटून टाक म्हणून सांगितलंय मी.”

सर कुणाला झाड उपटायला सांगतात, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी कागदाकडे हात नेला तर ते ओरडले, “हे बघायचं नाही!” मी डबा ठेवला आणि खाली आले.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस लांबला. दसऱ्याच्या सुमारास अंबाडीच्या पानांवर तपकिरी गोल ठिपके आले, जांभळट कडेचे. बुरशी होती. सरांना फोटोवरून निदान करण्याची चीड होती, पण त्या दिवशी त्यांनी स्वतःच एका पानाचा फोटो काढला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, असा ठिपका जास्वंदीवर आणि भेंडीवरही येऊ शकतो, सगळ्यांनी आपापल्या कुंड्या तपासाव्यात. लोकांची झाडं वाचावीत म्हणून त्या माणसाने आपला नियम मोडला होता. त्याचं त्याला काय फळ मिळालं बघा.

चौथ्या मजल्यावरच्या एका तरुणाने तो फोटो झाडं ओळखणाऱ्या कुठल्याशा अॅपमध्ये टाकला. अॅप म्हणालं, गांजा. झालं! अंबाडीचं शेंड्याचं पान बोटं पसरल्यासारखं असतं, कडा करवतीसारख्या, दिसतं तसं थोडंफार. पण ज्यांच्या आज्यांनी जन्मभर अंबाडीची भाजी रांधली, त्या मराठी माणसांच्या बिल्डिंगमध्ये एकालाही शंका येऊ नये? “अरे भाई, सर तर छुपे रुस्तम निघाले,” असे हसण्याचे मेसेज आले. दुपारपर्यंत हसणं संपलं आणि मुलांवर काय संस्कार होतील, फ्लॅटचे भाव पडतील का, हे सुरू झालं. संध्याकाळी तातडीची सभा.

सभा खाली पार्किंगमध्ये झाली. सर अंबाडीचं एक अख्खं झाड मुळासकट घेऊन आले. आधी त्यांनी सगळ्यांना शिकवायचा प्रयत्न केला, ही त्यांची घोडचूक. “हे बघा, हे एकच पान आहे, फक्त खोल कातरलेलं. गांजाची पाती देठापासून वेगवेगळी असतात. खालची पानं बघा, साधी गोल आहेत. हे फूल बघा, पिवळं, पोटात तांबडं. भेंडीच्या फुलासारखं दिसतंय की नाही? ही भेंडीची चुलत बहीण आहे.”

“सर, अॅप कशाला खोटं बोलेल?” चौथ्या मजल्यावरचा म्हणाला. “मी तीनदा चेक केलेलं.”

सरांचा तोल गेला. त्यांनी झाडाची पानं ओरबाडली आणि तिथेच सगळ्यांसमोर कच्ची चावून खाल्ली. “आंबट आहे! खाऊन बघा! गांजा आंबट असतो का?”

आणि मागून एक बाई काय म्हणाली असेल? “बघा, कसे कच्चीच खातात! सवय आहे त्यांना.”

तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, ही अंबाडी आहे, मी स्वतः हिची भाजी केलीय, माझ्या घरी दोन्ही मुलांनी खाल्लीय. मग ते कमिटीबद्दलचं माझं मतही ऐकवलं. सेक्रेटरी इतका वेळ मूग गिळून बसला होता. पन्नाशीचा, सभ्य, शर्टाच्या खिशाला पेन लावणारा माणूस. तो हळूच उठला आणि म्हणाला, “वहिनी, तुमचं सरांशी घरच्यासारखं आहे, तुम्ही बोलणारच. मला झाडातलं काय कळतं? असेल भाजी, नसेल. पण उद्या कोणी कम्प्लेंट केली तर पोलीस मला विचारणार ना? सेफ साइड म्हणून गच्ची खाली करू या. विषय संपला.”

हे बोलताना त्याने सरांकडे बघितलं नाही. सर मात्र त्याच्याकडेच बघत होते. मला वाटलं आता ते फाडून खातील त्याला. पण त्यांनी तोंडातली पानं गिळली, हातातलं झाड घेतलं आणि जिना चढायला लागले. लिफ्ट होती, तरी जिन्याने गेले.

दुसऱ्या दिवशी वॉचमनला सांगून सगळे ड्रम रिकामे करण्यात आले. बियासाठी राखलेली झाडं सगळ्यात शेवटच्या ड्रममध्ये होती. बोंडं धरली होती, पण आतलं बी अजून पांढरं, कोवळं होतं. मी सेक्रेटरीच्या दारात जाऊन सांगितलं, निदान ही चार झाडं दिवाळी होईपर्यंत ठेवा, बी पिकू द्या, मग मी स्वतः उपटते. तो म्हणाला, “वहिनी, एकाला एक रूल आणि दुसऱ्याला एक, असं नाही करता येत.” रूल म्हणे! सरांनी बोंडं काढून वाळवून पाहिली. ती सुरकुतली. आदल्या वर्षीचं सगळं बी त्यांनी पेरून टाकलं होतं, शिल्लक काही नव्हतं. पदराच्या गाठीतून निघालेलं ते बी, इतक्या गावांत रुजलेलं, आमच्या सोसायटीच्या कचऱ्याच्या गाडीतून गेलं. याचा मला अजून संताप आहे.

दिवाळीनंतर सर घर भाड्याने देऊन आंबिवलीला भाच्याकडे राहायला गेले. भाच्याचं बैठं घर, मागे थोडी जागा. जाताना मला फक्त म्हणाले, “कढीपत्त्याला पाणी जास्त घालतेस. कमी कर.”

ही एवढीच गोष्ट असती तर मी ती कदाचित गिळली असती. माणसं अडाणी असतात, भित्री असतात, चालायचंच. पण गेल्या महिन्यात सेक्रेटरी माझ्या दारात आला. चेहरा अगदी गरीब.

“वहिनी, सरांकडे जाता ना तुम्ही अधूनमधून? एक पान दाखवायचं होतं. गावाकडच्या एका ओळखीच्याचं झाड आहे. पानं करपतायत. सरांसारखं कोणाला कळत नाही हो.” आणि त्याने माझ्या हातात एक पुडी दिली.

गुलाबी कागदाची.

आमच्या मजल्यावर शेअरबाजाराचा तो गुलाबी पेपर एकाच दारात पडतो, सेक्रेटरीच्या. हे मला इतकी वर्षं माहीत होतं, पण डोक्यात कधी जुळलं नव्हतं. तो गेल्यावर मी पुडी उघडली. सभेनंतर लोकांशी भांडता यावं म्हणून मी दोन्ही पानांचे फोटो इतके घोकले होते की मला अॅपची गरज नव्हती. पाती देठापासून वेगवेगळी. भेंडीची चुलत बहीण नव्हे.

म्हणजे त्या पार्किंगमध्ये गांजाचं पान रोज डोळ्यांनी बघणारा एक माणूस हजर होता. सर खरं बोलतायत हे पुरतं ठाऊक असलेला. आणि तोच म्हणत होता, मला झाडातलं काय कळतं! मी तशीच पुडी घेऊन आंबिवली गाठली.

सर मागच्या अंगणात होते. वाळलेत आता, पण आवाज तोच. मी पुडी पुढे केली. त्यांनी कागदाचा रंग बघितला आणि सुस्कारा सोडला. “खालचं पान की वरचं?”

“मला नाही माहीत आणि मला काही पडलेलीही नाही! हे कुणाचं आहे ते तुम्हाला माहीत आहे ना?”

त्यांनी पान उजेडात धरलं. “कडा जळल्यात बघ. उपट म्हणून सांगितलं होतं मी. ह्याने कुठलातरी व्हिडिओ बघून मुठीने मीठ ओतलंय, मॅग्नेशियमचं. माझं ऐकायचं नाही आणि वर मलाच विचारायचं! गुडघ्याला त्याचं तेल करून लावायचंय म्हणे. अरे, डॉक्टरकडे जा ना!” मला कळेना की हा माणूस कशावर चिडलाय.

“सर, तुम्ही सभेत बोलला का नाहीत? एक शब्द बोलला असता तर तो आडवा झाला असता.”

“पान कुणाचं ते मी सांगत नाही.”

“पण तुमचं बी गेलं!”

“गेलं,” ते म्हणाले. “तिच्या बियासाठी कुणाच्या घरात पोलीस घालायचे? तिलाही नसतं चाललं.”

मला हे पटलं नाही. आजही पटलेलं नाही. मी म्हटलं, ते पान द्या इकडे, मी सभा बोलवते, सगळ्यांसमोर ठेवते. पण तोवर त्यांनी ते चुरगाळून कुजखताच्या खड्ड्यात टाकलं होतं आणि काठीने ढवळतही होते. मी तावातावाने बोलत राहिले, ते ढवळत राहिले.

अंगणाच्या कडेला अंबाडीचा एक वाफा होता. मी जवळ जाऊन बघितलं. हिरव्या देठाची होती.

“बाजारातलं बी आहे,” ते म्हणाले. “आंबट कमी आहे. पण चालतं.”

त्यांनी दोन जुड्या खुडल्या. एक माझ्या पिशवीत टाकली. दुसरी त्या गुलाबी कागदात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. “कागद त्याचा आहे. परत दे.”

मी येताना वाटेत ती जुडी फेकून देण्याचा विचार पुष्कळदा केला. शेवटी त्याच्या दाराची बेल वाजवली. त्याने दार उघडलं, गुलाबी कागद बघून आधी आत कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं, मग पुडी घेऊन घाईने उघडली. शेंड्याची पानं बोटं पसरून बाहेर आली आणि त्याचा चेहरा खुलला.

“अरे वा, अंबाडी!” तो म्हणाला.

“हो,” मी म्हटलं. “एवढंच बोलायचं होतं त्या दिवशी.”